तीन हात वार्निश

रविवार, ९ नोव्हेंबर १९८६

आज मंडळाच्या सभेत 'रंगमंच सुधारणा प्रमुख' म्हणून माझी एकमताने निवड झाली. म्हणजे मी हात वर केलेला होता आणि बाकी कुणी केला नव्हता. नलिनी म्हणते, तुम्ही डास मारत होता. असो. बायकोला नवऱ्याच्या निवडीत डासच दिसायचे.

काम मोठं आहे. मुलुंडच्या आमच्या कोकण मंडळाच्या हॉलमधला रंगमंच लाकडी आहे. अध्यक्ष सहदेवकाकांनी बंदरावरच्या, जहाजं तोडतात त्या दारूखान्यातून मोडीत निघालेल्या आगबोटीच्या डेकच्या सागवानी फळ्या आणल्या आणि रंगमंच बांधून घेतला, पण त्यावर लावलं काहीच नाही. यंदा नवरात्रात फुगडी घालताना रत्नप्रभाबाईंच्या टाचेत कुसळ घुसलं. बाई म्युनिसिपल शाळेत हेडबाई आहेत, त्यामुळे त्यांचं ओरडणं थेट स्टेशनपर्यंत गेलं. १४ डिसेंबरला मंडळाचं वार्षिक आहे आणि फुगड्या हा त्यातला मुख्य कार्यक्रम. तोवर सगळ्या रंगमंचाला वार्निश झालं पाहिजे.

वार्निशातलं मला सगळं कळतं. कंपनीच्या स्टोअर्समधून रंगाचा एकही डबा माझ्या सहीशिवाय बाहेर पडत नाही.

घरी आल्यावर बाबांना बातमी सांगितली. ते गॅलरीत बसले होते. म्हणाले, "वार्षिक झाला काय माका गाडयेत घाल." मी १६ डिसेंबरचं एस.टी.चं रिझर्वेशन आधीच केलं आहे. त्यांनीच करायला लावलं.

शिमग्याला आई गेली. गणपतीला आम्ही गावी गेलो तेव्हा शेजारच्या काशीरामने सांगितलं की म्हातारा दिवसातून एकदा पेज ढवळतो, तीही निम्मी कुत्र्याला घालतो. म्हणून त्यांना मुलुंडला घेऊन आलो. दोन महिने झाले, तोंडातून दोन वाक्यं निघत नाहीत. रात्रभर कूस बदलत असतात. हा माणूस पुन्हा त्या रिकाम्या घरात जाऊन बसणार हे मला अजिबात नको आहे. पण आमच्या घरात बापाला 'राहा' म्हणायची पद्धत नाही. मी 'बरं' म्हटलं आणि जेवायला बसलो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

ऑफिस सुटल्यावर दुकानात गेलो. तीन नमुने आणले. एक लाखेचं पॉलिश, एक चकाकीचं कोपल वार्निश आणि एक नवीन, बिनचकाकीचं. माझा कौल चकाकीला. रंगमंच असा हवा की त्यात कलाकाराला आपला चेहरा दिसला पाहिजे. दुकानदार म्हणाला, "साहेब, जो चेहरा बघेल तो नाचेल कधी?" या लोकांना सौंदर्यदृष्टी नसते.

रविवार, १६ नोव्हेंबर

आज तिन्ही नमुन्यांची परीक्षा झाली. उरलेल्या फळ्यांचे तीन पाट करून मी त्यांना आधीच हात मारून ठेवले होते. मला वाटलं होतं की कमिटी बघेल, मी चार शब्द बोलेन, आणि चकाकी पास होईल. पण सहदेवकाका म्हणाले की कामाचा मुहूर्त आहे, नारळ फुटला पाहिजे. तो त्यांनी नेमका लाखेच्या पाटावर फोडला. नारळाचं पाणी पडलं तिथे चांगलं तांबूस पॉलिश पांढरंफटक पडलं. लाख बाद. आमच्या मंडळात वर्षाला निदान पंधरा नारळ रंगमंचावर फुटतात.

मग रत्नप्रभाबाई म्हणाल्या, "चंद्रप्रकाश, बघून काय कळणार? फुगडी घालूनच बघायला पाहिजे ना." आणि पदर खोचून त्या चकाकीच्या पाटावर उभ्या राहिल्या. समोर नलिनी. मी म्हटलं, पाट लहान आहे. त्या म्हणाल्या, तू लांब हो. तिसऱ्या गिरकीला दोघींचे पाय निसटले आणि दोघी सहदेवकाकांच्या अंगावर गेल्या. काकांना लागलं नाही, पण ते बराच वेळ 'व्वा' म्हणत होते. बिनचकाकीच्या पाटावर मात्र दोघी भिंगरीसारख्या फिरल्या.

बाबांना नलिनीने बळेच आणलं होतं. ते खुर्चीवर बसून सगळं बघत होते. अचानक म्हणाले, "डेकार चकाकी काय कामाची? सायब खूश जाता नि खलाशी दर्यात जाता."

सगळे हसले. बाबा आगबोटीवर खलाशी होते, तीस वर्षं. मीसुद्धा हसलो, आणि मग लक्षात आलं की दोन महिन्यांत ते चार लोकांत पहिल्यांदाच बोलले. बिनचकाकीचं पास झालं. मी विरोधात मत नोंदवलं.

सगळे चहाला गेले तेव्हा बाबा रंगमंचावर चढून एका फळीवर तळवा टेकून उभे होते. मी म्हटलं, बाबा, चहा निवतोय. ते म्हणाले, "ह्या लाकूड सुकला रे. तानेला हा." लाकडाला म्हणे तहान! म्हाताऱ्या माणसांचं असं असतं, कुठलंही बोलतात. मी त्यांना चहा दिला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दोन दिवस घासकाम. पॉलिश पेपरने सगळा रंगमंच गुळगुळीत केला. माझे खांदे गेले. उद्या पहिला हात.

एक चांगली गोष्ट नोंदवतो. बाबा आता रोज दुपारी विठ्ठलाच्या देवळात जाऊन बसतात असं नलिनी म्हणाली. माणसाला शेवटी देवच आधार देतो. आज खाडीकडच्या कोळीवाड्यापर्यंतही जाऊन आले म्हणे, पायी! येताना कागदात गुंडाळलेली बाटली होती. विचारलं तर म्हणाले, गुडघ्याला लावायचं तेल. चला, स्वतःच्या तब्येतीकडे लक्ष द्यायला लागले.

बुधवार, १९ नोव्हेंबर

डाव्या अर्ध्या भागाला पहिला हात मारला. सुंदर बसला. फक्त वार्निशाला एक वेगळाच वास आहे, नवीन माल असल्यामुळे असेल. घरी आलो तर घरातही मासळीचा वास. पण आज बुधवार, त्यामुळे त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. बांगडे छान झाले होते.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

वाट लागली. वार्निश वाळत नाही. बोट लावलं की बोटाला चिकटून वर येतं. वर कुणीतरी त्यावरून चालून गेलं आहे. स्पष्ट पावलं, अनवाणी, मोठी. रत्नप्रभाबाईंना गाठून विचारलं. त्या म्हणाल्या, "माझं पाऊल मोजतोस? मोज. आणि मग माझ्या समोर उभा राहा." मी मोजलं नाही.

दुकानदाराकडे जाऊन भांडलो. भेसळ केलीस म्हणालो. त्याने माझ्या डब्यातला एक थेंब काचेवर लावून ठेवला आणि म्हणाला, उद्या या.

शनिवार, २२ नोव्हेंबर

काचेवरचा थेंब खडखडीत वाळलेला. दुकानदाराने नुसता चहा मागवला. ते जास्त लागलं.

आता मांजरं. हॉलमध्ये आज चार मांजरं होती. एक तर रंगमंचाच्या कडेला बसून फळी चाटत होतं. वार्निश चाटणारं मांजर मी उभ्या आयुष्यात पाहिलं नाही. शेजारच्या इमारतीतल्या गुजराती मावशी खिडकीतून ओरडल्या, "अरे भाई, तुमी लोक हॉलमदे मच्छी सुकवता काय?" मी म्हटलं, मावशी, हे वार्निश आहे. त्यांनी खिडकी धाडकन लावून घेतली.

बाबांच्या धोतराला कसले तरी डाग पडले आहेत. नलिनी रॉकेलने धूत होती. म्हटलं, देवळात काय लागतं एवढं? ती म्हणाली, तेल. समईचं असेल. एक मात्र खरं, बाबा हल्ली रात्री बरे झोपतात. देवदर्शनाचा गुण.

रविवार, २३ नोव्हेंबर

दुपारी सहज हॉलवर गेलो. कसलं देऊळ न् कसला विठ्ठल. बाबा रंगमंचाच्या उजव्या भागावर, जिथे अजून वार्निश लागलं नव्हतं तिथे, गुडघ्यांवर बसून फडक्याने तेल चोळत होते. मोरीचं तेल. आमच्याकडे होड्यांना लावतात ते माशाचं तेल! मागे तीन मांजरं ओळीने बसलेली. डावा भाग त्यांनी आधीच पाजून ठेवला होता, मी वार्निश लावलं त्याच दुपारी. त्यावर वार्निश जन्मात वाळणार नाही.

मी ओरडलो. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं? ही काय तुमची बोट आहे?" असं बरंच काही. सगळं इथे लिहीत नाही.

बाबा उठले. फडकं घडी करून बाटलीवर ठेवलं आणि म्हणाले, "चुकला माझा." बापाच्या तोंडून हे शब्द मी आयुष्यात कधी ऐकले नव्हते, आणि ऐकायचेही नव्हते.

सोमवार, २४ नोव्हेंबर

बाबांनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली आहे. सोळा तारखेपर्यंत थांबत नाहीत, मिळेल त्या गाडीने जातो म्हणतात. जेवले नाहीत. नलिनी माझ्याशी बोलत नाही. सुतकात असल्यासारखं घर झालं आहे, आणि ते माझ्यामुळे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

नलिनी शेवटी बोलली. आधी बोलली नाही तेच बरं होतं.

म्हणाली, "ते तिथे नुसतं तेल लावायला जात नव्हते. रोज दुपारी त्या फळ्यांवर पाठ टेकून झोपायचे. मी स्वतः बघितलंय, डबा घेऊन जायचे ना मी. सासूबाई गेल्यापासून त्या माणसाला पहिल्यांदा कुठे झोप लागली असेल तर त्या तुमच्या रंगमंचावर. आणि तुम्ही त्यांना मांजरांसमोर बोललात!"

मी म्हटलं, मग तू मला आधी का सांगितलं नाहीस? ती म्हणाली, "तुम्ही वार्निशातलं सगळं जाणणारे. तुम्हाला काय सांगायचं?"

ऑफिसात दिवसभर चुकीच्या डब्यांवर सह्या केल्या. माफी कशी मागायची ते मला माहीत नाही. आमच्या घरात त्याचीही पद्धत नाही. संध्याकाळी गॅलरीत गेलो आणि म्हटलं, "बाबा, सगळं खरवडून पुन्हा करायचंय. पण हॉलवर मांजरं फार झालीत. हाकलायला कुणीतरी भरवशाचा माणूस हवा."

त्यांनी विचारलं, "किती आसत?"

मी म्हटलं, "सहा." दोन मी पदरची घातली.

"काठी व्हयी," बाबा म्हणाले.

रविवार, ३० नोव्हेंबर

काय दिवस गेला! फुगडीच्या सगळ्या बायका फुटक्या काचांचे तुकडे घेऊन हजर. काचेच्या धारेने वार्निश खरवडायचं आणि खाली मुरलेलं तेल टर्पेंटाइनच्या फडक्याने ओढून काढायचं, पुन्हा पुन्हा. सहदेवकाका लिंबू सरबत वाटत होते आणि सगळ्यांना मध्ये येत होते.

बाबा काठी घेऊन दारात बसले. अर्धा तास मांजरं हाकलली. मग काठी ठेवून आत आले आणि रत्नप्रभाबाईंना म्हणाले, "गो बाय, आडवा नको, फळयेच्या अंगान मार." मला वाटलं, आता बाई त्यांची शाळा घेणार. पण बाई म्हणाल्या, "असं का?" आणि फळीच्या लांबीने घासायला लागल्या. त्यानंतर बाबा सगळ्यांच्याच मागे लागले. माझ्यावर तर जास्त. "चंदू, झोपलंस काय?" "चंदू, थय कोण तुझो बापूस येतलो पुसूक?" चाळीस वर्षांचा माणूस मी, मंडळाचा प्रमुख, सगळ्या बायकांसमोर! पण खरं सांगतो, मला एवढं बरं वाटत होतं की मी मुद्दाम दोनदा कामात ढिलाई केली.

गुजराती मावशींनी खिडकीतून ढोकळा पाठवला. वास गेल्याबद्दल.

शनिवार, ६ डिसेंबर

आठवडाभर उन्हं आणि वारा आत यावा म्हणून दारंखिडक्या उघड्या ठेवल्या. काल पहिला हात मारला. आज वाळला! बोट लावलं, कोरडं. तळवा लावला, कोरडा. मग बाबांनी गाल लावून बघितला. ते शास्त्रीय नाही, पण मी चालवून घेतलं.

सोमवार, ८ डिसेंबर

काल दुसरा हात. आज बघतो तर एका मांजराने बरोबर मधून फेरी मारली आहे. चौदा ठसे, विंगेपासून विंगेपर्यंत. मी डोक्याला हात लावून बसलो. बाबा खाली वाकून एकेक ठसा बघत गेले आणि मग हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले. "पासिंजर इलो न् गेलो," म्हणाले, "कोणाक बोलूक नाय." ठसे तसेच ठेवायचं ठरलं. तिसऱ्या हाताखाली कायमचे जातील.

एकच आहे, ट्रंक अजून गॅलरीत आहे, माळ्यावर गेलेली नाही. आज तिला दोरीही बांधलेली दिसली. सोळा तारीख आहे तशीच आहे. मी रोज ठरवतो की आज विषय काढायचा, आणि रोज वार्निशाविषयी बोलून उठतो.

गुरुवार, ११ डिसेंबर

तिसरा आणि शेवटचा हात. डावीकडे मी, मध्ये रत्नप्रभाबाई, उजवीकडे नलिनी. उजव्या कोपऱ्यात हार्मोनियमचा मोठा खोका असतो. मी म्हटलं, तो आधी हलवू. नलिनी म्हणाली, "मी बघते त्याचं. तुम्ही तुमच्या बाजूला बघा, ओघळ ठेवताय." मी ओघळ ठेवत नव्हतो.

रंगमंच आता मधासारखा दिसतो. चकाकी नाही, पण नसल्याचं वाईट वाटत नाही. मत बदललं असं सभेत सांगणार नाही.

रविवार, १४ डिसेंबर

वार्षिक पार पडलं. झकास झालं. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. नारळ फोडण्याआधी देवाकडे मागण्याचं गाऱ्हाणं घालायला सहदेवकाका उठले, आणि त्यांनी काय करावं? सरळ बाबांच्या हातात नारळ दिला. गावी देवळात बाबांचं गाऱ्हाणं ऐकायला शेजारच्या वाडीतली माणसं यायची. आई गेल्यापासून त्यांनी घातलं नव्हतं. मला वाटलं, आता ते नारळ परत देतील.

बाबा रंगमंचाच्या मध्यावर, मांजराच्या ठशांजवळ, अनवाणी उभे राहिले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा हॉल ओरडला.

"बारा गावच्या, बारा येशीच्या म्हाराजा! आज ही तुझी लेकरां मुलुंडात ऱ्हवान तुझी याद काढतत. ह्यो फळयो दर्यातसून इल्यो, हयसर रमल्यो. ह्येंच्यार जो कोण नाचात, त्येचो पाय घसरांदे नको, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि जा कोण आपला घर सोडून हयसर इला, ता पण ह्या फळयांसारख्या रमांदे, रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" माझाच आवाज सगळ्यात मोठा होता. फुगडीच्या बायका गावोगावहून सासरी इथे आलेल्या, त्यांना उद्देशून बाबांनी फार चांगलं मागितलं. नलिनी पदराने डोळे पुसत होती. उदबत्त्या जरा जास्तच लावल्या होत्या.

मग फुगड्या झाल्या. अठरा बायका, सगळ्या अनवाणी, आणि एकीचाही पाय घसरला नाही. फळ्या अशा घुमत होत्या की आवाज पायातून छातीत येत होता. बाबा विंगेत मांडी घालून बसले होते. तळवा जमिनीवर.

सोमवार, १५ डिसेंबर

हॉल आवरायला गेलो. हार्मोनियमचा खोका कपाटात ठेवायला उचलला आणि बघतो तर खाली वार्निशच नाही! एकही हात नाही! तीनही वेळा उजवी बाजू नलिनीकडे होती. बरं, विसरलेली जागाही कशी, तर पट्टी लावून आखल्यासारखा सरळ चौकोन. कोरडं, उघडं लाकूड. एवढी मेहनत केली आणि डाग राहिलाच. मी कामात कसूर सहन करत नाही हे तिला माहीत आहे, तरी.

घरी आल्यावर बोलणार होतो, पण बाबांची ट्रंक दारात आलेली होती. उद्या सकाळची गाडी. ट्रंक ओलांडून आत गेलो. तसाच झोपलो.

मंगळवार, १६ डिसेंबर

सकाळी चहा पिताना बाबा कपडे करून तयार. टोपी घातलेली. रिक्षा आणायला मी उठलो, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून चिडून नलिनीलाच बोललो. "खोक्याखालची जागा तशीच ठेवलीस. तीन हात झाले आणि ती कोरीच!"

नलिनी शांतपणे म्हणाली, "राहिली असेल. आता कोण करणार? तुम्हाला ऑफिस, मला घर. राहू दे कोरी. पाणी पडेल, कुजेल, बघू पुढच्या वर्षी."

"कुजात?" बाबांनी कप खाली ठेवला. "सागवान कुजवतलास तुमी?"

"बाबा, गाडी," मी म्हटलं.

"किती मोठी जागा आसा?"

मी हाताने दाखवली. त्यांनी मनाशी काहीतरी हिशेब केला. "तीन हात लागतले. एकेक हात वाळूक दोन दिस. मगे बाकीच्याक जुळवन घेवूक होया. तां काय असातसा काम नाय." मग टोपी काढून खुंटीला लावली.

"पण रिझर्वेशन..." मी म्हटलं. मी असा का आहे कोण जाणे.

"गाडयो रोज सुटतत," बाबा म्हणाले, आणि वाकून ट्रंकेची दोरी सोडायला लागले. गाठ पक्की होती. मी खाली बसून दुसरं टोक सोडवलं. आमची डोकी एकमेकांना लागली. मला इतका आनंद झाला की मी ते शब्द उच्चारले, आमच्या घरात ज्याची पद्धत नाही ते. "बाबा, राहा."

"ऱ्हवतंय मां," ते म्हणाले. "आधी ब्रश खंय आसा ता सांग."

ब्रश आणि अर्धा डबा घेऊन ते हॉलवर गेलेसुद्धा. जाताना मांजरासाठी बांगड्याचं डोकं कागदात बांधून नेलं.

मी नलिनीला सांगितलं की झालं ते ठीक झालं, पण निष्काळजीपणा तो निष्काळजीपणाच. तुझ्यामुळे त्यांची गाडी चुकली. ती म्हणाली, "चुकली खरी." आणि ट्रंकेतली धोतरं काढून एकेक करून कपाटात लावायला लागली.